पेरणीचा भाव, काढणीचा भाव: मंदीत इंजिनिअरिंगची शाखा निवडताना

सांगलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलीला सीईटीत ९१ पर्सेंटाइल मिळालेत. तिला कॉम्प्युटर हवंय. पण घरात सगळे म्हणतात, आयटीत मंदी आहे, कपात चाललीय, एआय आलंय, त्यापेक्षा सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल घे. मंदी बघून मुलं खरंच शाखा बदलतात का? आणि बदलावी का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बदलतात, आणि घाऊक बदलतात. दुसऱ्या प्रश्नाला जरा जास्त जागा लागेल, कारण या बाबतीत मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय.

मी पुण्याजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात १९९८ पासून मेकॅनिकल शिकवतो. त्यातली बारा-तेरा वर्षं प्लेसमेंटचं काम माझ्याकडे होतं, आणि दर जून-जुलैला प्रवेशाच्या मार्गदर्शनासाठी टेबल टाकून बसायचं कामही. त्यामुळे मुलं कुठल्या भीतीने आत येतात आणि चार वर्षांनी कुठल्या बाजारात बाहेर पडतात, ही दोन्ही टोकं मला बघायला मिळाली. नुसतं प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्याला यातलं अर्धंच दिसतं.

चूक आधी सांगतो. साल २००२. मार्च २००० मध्ये अमेरिकेतला नॅसडॅक हा शेअर निर्देशांक शिखरावरून कोसळला होता, डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटला होता, आणि पुण्यातल्या कोथरूड-औंधच्या सोसायट्यांमध्ये 'अमुकचा मुलगा परत आला' ही कुजबुज सुरू होती. बार्शीचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. मेरिटवर कॉम्प्युटर मिळत होतं. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "मेकॅनिकल घ्या. सदाबहार शाखा आहे." तेव्हा आम्ही सगळेच हा शब्द वापरायचो. मुलाने मेकॅनिकल घेतलं. २००६ साली तो पास झाला तेव्हा आयटी कंपन्या बसगाड्या भरून मुलं उचलत होत्या. त्यालाही अशाच एका कंपनीने उचललं, तीन महिने जावा शिकवलं आणि कामाला लावलं. नंतर फोनवर म्हणाला, "सर, शेवटी हेच करायचं होतं तर चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स कशाला केलं?" मला उत्तर सुचलं नाही. त्याचं फारसं नुकसान झालं नाही, पण त्याचं श्रेय माझ्या सल्ल्याला जात नाही. आपल्याकडच्या आयटी कंपन्या तेव्हा शाखा न बघता भरती करायच्या, म्हणून तो वाचला. अमेरिकेत असता तर दार बंद झालं असतं.

तिथे त्याच काळात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना 'मला संगणकशास्त्र घ्यायचंय' असं सांगणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचं प्रमाण २००० ते २००४ या चार वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घसरलं. आवड चार वर्षांत एवढी मरत नाही. ही मुलं वर्तमानपत्र वाचून निर्णय घेत होती. आणि जी थोडी मुलं टिकून राहिली, ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत बाजार पुन्हा उठला होता आणि माणसं कमी पडत होती.

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. लासलगावला कांद्याला चांगला भाव मिळाला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो, लोक कांदा रस्त्यावर ओततात आणि शपथ घेतात की पुन्हा म्हणून लावणार नाही. मग पुढच्या खेपेला कांदा कमी, भाव चढा. पेरताना शेतकरी बघतो आजचा भाव, विकावं लागतं काढणीच्या भावाने. अर्थशास्त्रात याचा आलेख काढला की तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून त्या सिद्धांताला नावही तेच पडलं. रिचर्ड फ्रीमन नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये हाच हिशेब इंजिनिअरांना लावून दाखवला: पगार वाढले की प्रवेश वाढतात, चार-पाच वर्षांनी इंजिनिअर जास्त होतात, पगार दबतात, प्रवेश आटतात, आणि पुन्हा टंचाई. कांद्याला निदान काही महिनेच लागतात. आणि कांद्याचं शेत पुढच्या वर्षी बदलता येतं.

माझ्या डोळ्यांदेखत हे चक्र तीनदा फिरलं. दुसरी खेप माझ्याच शाखेची, त्यामुळे ती जास्त लागली.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा बाहेर आला. आमच्या २००९ च्या बॅचच्या मुलांच्या हातात ऑफर लेटर होती, पण जॉइनिंगची तारीख येईना. कुणाचे दहा महिने गेले, कुणाचं वर्ष. एक मुलगा कऱ्हाडला वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला. त्याला गल्लीतले लोक रोज विचारायचे, "काय, आलं का पत्र?" गल्लीतल्या या एका प्रश्नाचा पुढच्या वर्षीच्या प्रवेशांवर जेवढा परिणाम होतो तेवढा कुठल्याही अहवालाचा होत नाही. त्या गल्लीतल्या बारावीच्या पोरांनी आयटीचं नाव टाकलं. काही बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासला लागले. सहावा वेतन आयोगही त्याच सुमारास आला होता, त्यामुळे सरकारी नोकरीचा पगार अचानक चारचौघांत सांगण्यासारखा झाला होता. मेकॅनिकलला तर सुगी आली. चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र एकामागून एक कारखाने उभे राहत होते. 'कोअर', म्हणजे आयटी सोडून आपल्या मूळ शाखेतली नोकरी, हा शब्द पालकांच्या तोंडी आला. कॉलेजांनी मेकॅनिकलच्या तुकड्या वाढवल्या, दुसऱ्या पाळीत वर्ग भरवायची परवानगी मिळवली. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातपर्यंत स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं प्रॅक्टिकल चालायचं. मी खूश होतो. शाखेचा विभागप्रमुख व्हायला याहून चांगले दिवस नव्हते.

२०१४-१५ मध्ये पेरलेलं हे पीक २०१८-१९ मध्ये बाजारात आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातल्या प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त खाली होती. दोन दशकांतली ती सगळ्यात मोठी घसरण. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात कारखाने काही दिवस बंद ठेवायची वेळ आली, आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी आधी कंत्राटी पोरांना घरी पाठवलं. आमचे पदवीधर त्या पोरांच्याच रांगेत उभे राहिले, बारा हजारांच्या ट्रेनीच्या जागेसाठी. सिव्हिलची कथा थोडी आधीची: २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा रेरा (बिल्डरांना शिस्त लावणारा कायदा) आणि जीएसटी, बिल्डरांचे अडकलेले पैसे. रेरा चांगलाच कायदा आहे, पण संक्रमणाच्या त्या दोन-तीन वर्षांत साइटवर नवा इंजिनिअर घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग सिव्हिल आणि मेकॅनिकलचे वर्ग ओस पडले. साठ जागांच्या वर्गात अकरा मुलं घेऊन मी शिकवलंय. संध्याकाळच्या पाळीतल्या सहकाऱ्यांचं काय झालं ते इथे सांगत बसत नाही.

तिसरी खेप ताजी आहे आणि तुमचा प्रश्न तिच्यातूनच आलाय. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पादन, पहिल्या अंदाजानुसार, जवळजवळ २४ टक्क्यांनी आकसलं. सगळं बंद, आणि चालू काय, तर लॅपटॉप. जगभरच्या कंपन्यांनी संगणकावर पैसा ओतला आणि २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसने लाखभर नवे पदवीधर घेतले. आयटीतली पोरं सहा महिन्यांत नोकरी बदलून पगार दीडपट करत होती. तेव्हा बारावीत असलेल्या पोरांनी हे घरात बसून, मोठ्या भावाच्या खोलीच्या दारातून बघितलं. मग कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स यांच्या जागा जशा वाढल्या तशा भरल्या. ते पीक आलं २०२४-२५ मध्ये. आणि त्याच्या आदल्याच आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या साधारण ६४ हजारांनी कमी झाली होती. पहिल्या खेपेला पडता भाव बघून पेरणी टाळली आणि काढणीला भाव चढा निघाला; नंतरच्या दोन्ही वेळा पेरणी चढ्या भावाने झाली आणि काढणी पडत्या भावाने.

आता तुमच्या घरातले लोक म्हणतायत सिव्हिल घे. म्हणजे २००२ साली मी बार्शीच्या त्या पोराला जे सांगितलं तेच.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर गोंधळ होतो. मंदी दोन प्रकारची असते. एक, एखाद्या धंद्याची मंदी, जशी २००१ ची संगणकाची किंवा २०१९ ची वाहनांची. तिच्यात मुलं त्या धंद्याच्या शाखेपासून पळतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कम्युनिटी कॉलेजांवर झालेल्या एका अभ्यासात हे नीट दिसलं: आपल्याच भागात एखाद्या प्रकारच्या कामात कपात झाली की मुलं तो कोर्स टाळतात आणि त्याच्या जवळपासची कौशल्यं लागणारा, पण कपात न झालेला दुसरा कोर्स धरतात. देशात काय चाललंय यापेक्षा आपल्या तालुक्यात काय चाललंय याचं वजन जास्त. कऱ्हाडच्या गल्लीचा अनुभव माझा हाच.

दुसरी सार्वत्रिक मंदी. सगळीकडेच नोकऱ्या नाहीत. तिच्यात मुलं एका धंद्यापासून दुसऱ्याकडे पळत नाहीत, 'मऊ' विषयांकडून 'कडक' विषयांकडे सरकतात. ब्लॉम, कॅडेना आणि कीज या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या कित्येक दशकांच्या पदवीधरांचा हिशेब मांडला. विषय ठरवायच्या वयात, म्हणजे विशीच्या आसपास, ज्यांनी जास्त बेकारी बघितली त्या पिढ्यांनी जास्त पगाराचे, नोकरीची खात्री असलेले विषय उचलले: इंजिनिअरिंग, अकाउंटिंग, नर्सिंग. शिक्षणशास्त्र, साहित्य, समाजशास्त्र मागे पडलं. २००८ नंतर तिथल्या विद्यापीठांत इतिहासाची पदवी घेणारे दहा वर्षांच्या आत जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. आणि या अभ्यासात मुलींचे निर्णय मुलांपेक्षा जास्त हलले. मंदीत त्या अवघड, पुरुषांची गर्दी असलेल्या विषयांकडे अधिक वळल्या.

हे शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो होतो, कारण माझ्या टेबलावर अनेक वर्षं मी उलटं बघितलं. २००९ मध्ये भोसरीच्या एका जॉबवर्कवाल्याच्या घरात दोन भावंडं एकाच वेळी शिकत होती. ऑर्डरी थांबल्या. थोरल्या मुलाची फी कशीबशी भरली गेली, धाकटीला इलेक्ट्रॉनिक्स मिळत असूनही जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं. कुणी वाईट नव्हतं. आई माझ्यासमोर रडली. अमेरिकेत मंदी आली की मुलगी विषय बदलते. आपल्याकडे मंदी आली की मुलीसाठी कॉलेजचं अंतर आणि फी बदलते, विषय आपोआप त्यामागे जातो. निदान आतापर्यंत असंच होत आलं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने यात मोठा फरक पडलाय: कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तुमची मुलगी यात बसत असेल तर दाखल्यांची कागदपत्रं आजच तपासा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हे मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

या सगळ्यातून मी काय शिकलो ते सांगतो. मंदीचा परिणाम निर्णयावर व्हायलाच हवा, पण तो शाखेवर नको, खर्चावर हवा. लोक नेमकं उलट करतात. बातमी बघून शाखा बदलतात आणि 'मंदीत मोठ्या नावाच्या कॉलेजचाच उपयोग होतो' म्हणून न झेपणारी फी भरतात.

जरा आकडे मांडू. समजा घरापासून दूरचं, नावाजलेलं खासगी कॉलेज आहे; फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला अडीच लाख. चार वर्षांचे दहा लाख, सगळं कर्ज. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, वरच्यासाठी शेत नाहीतर घर. दहा टक्के व्याज धरा. शिक्षण संपून एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. तोवर त्याचेच साडेतीन लाख होतात. म्हणजे परतफेड सुरू होताना डोक्यावर साडेतेरा लाख. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता जवळजवळ १८ हजार. मोठ्या आयटी कंपन्या घाऊक भरतीत नव्या पोराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा दहा वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही. हातात पडतात चोवीस-पंचवीस हजार. हप्ता भरून पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं आणि जेवायचं काय उरलं ते तुम्हीच बघा. हीच मुलगी घरून जाऊन-येऊन करता येईल अशा कॉलेजात, वर्षाला एक लाखाच्या कर्जावर शिकली, तर हप्ता सात हजारांच्या आसपास येतो.

हा फरक मंदीत जीवघेणा ठरतो, कारण हप्ता सात हजार असेल तर मुलगी सहा महिने थांबू शकते. चांगली पण कमी पगाराची नोकरी घेऊ शकते. गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी करू शकते. अठरा हजार असेल तर मिळेल ते पहिलं पत्र धरावं लागतं, मग ते रात्रपाळीच्या सपोर्टचं का असेना. २००९ च्या बॅचमध्ये जॉइनिंग लांबलेल्या मुलांत कोण टिकलं आणि कोण कॉल सेंटरला गेलं हे मला आठवतं. गुणांचा संबंध थोडा होता. घरच्या हप्त्याचा जास्त होता.

मंदीत पास होणं हे कायमचं कपाळावर लिहिलं जातं का? नाही, पण डाग लगेच जातही नाही. कॅनडातल्या पदवीधरांवरचा ओरिओपोलस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो की मंदीत बाहेर पडणाऱ्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते आणि ती तूट भरून यायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. ज्यांची पकड चांगली, ते छोट्या कंपनीतून लवकर मोठ्या कंपनीत उडी मारून तूट भरून काढतात. कच्चे राहिलेले तिथेच अडकतात. आणि अमेरिकेतला आणखी एक अभ्यास म्हणतो की ज्या विषयांना एरवी चांगला पगार मिळतो त्यांना मंदीचा फटका कमी बसतो. म्हणजे संगणकाला घाबरून कमी पगाराच्या शाखेत शिरलात तर मंदीतही उलट जास्त सोसावं लागू शकतं. मी सिव्हिलच्या विरोधात नाही. माझा पुतण्या सिव्हिल इंजिनिअर आहे आणि मजेत आहे. पण त्याला लहानपणापासून बांधकाम बघत उभं राहायची खोड होती. भीतीने सिव्हिलला आलेली मुलं मी बघितली आहेत, ती साइटवरच्या पहिल्या उन्हाळ्यातच स्पर्धा परीक्षेच्या क्लासची चौकशी करायला लागतात.

'सुरक्षित' शाखेबद्दलही थोडं. सुरक्षित म्हणून सगळे जिकडे धावतात ती जागा किती सुरक्षित असते हे डी.एड.च्या पिढीला विचारा. २००० नंतरच्या दशकात बारावीला चांगले गुण असलेली मुलं, विशेषतः मुली, इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला गेल्या, कारण शिक्षकाची नोकरी म्हणजे दगडावरची रेघ. गावोगाव अध्यापक विद्यालयं निघाली. २०१२ नंतर राज्याने शिक्षक भरती जवळजवळ थांबवली, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि ती विद्यालयं ओस पडली. बाजारात मंदी नव्हती तेव्हा, तिजोरीत होती.

आता तुमच्या मुलीबद्दल नेमकं.

एआयचं चार वर्षांनी काय होईल ते मी सांगणार नाही. २००२ मध्ये सांगितलं होतं, २०१४ मध्येही मनातल्या मनात सांगितलं होतं. आज प्रवेश घेणारी मुलगी कॅम्पसला बसेल ती तीन वर्षांनी, सातव्या सेमिस्टरला. तो बाजार आज कुणालाच माहीत नाही, तुमच्या साडूंनाही नाही. मात्र एवढं माहीत आहे की आज घाबरून बरीच मुलं संगणकाकडे पाठ फिरवणार असतील, तर तेव्हा रांग आजच्यापेक्षा छोटी असेल. याचा अर्थ डोळे झाकून कॉम्प्युटर घ्या असा नाही. जागाच इतक्या वाढल्या आहेत की रांग छोटी होऊनही मोठीच राहील, आणि त्यात सामान्य मुलाला पूर्वीसारखं आपोआप उचललं जाणार नाही. बार्शीच्या पोराला वाचवणारी ती बसगाडी आता येत नाही.

म्हणून तिला घरातल्या कुणाच्याही उपस्थितीशिवाय विचारा की कॉम्प्युटर म्हणजे तिला काय आवडतं. 'पॅकेज' असं उत्तर आलं तर ती आवड २०२१ ची आहे, तिची नाही. तिने अकरावी-बारावीत स्वतःहून काही लिहून बघितलं असेल, प्रोग्राम चालत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत बसली असेल, गणिताची भीती नसेल, तर तिला अडवू नका. गणित आवडतं, पण मशिन, मोटर, वायरिंग यातही हात घालायला आवडतो असं असेल तर इलेक्ट्रिकल किंवा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) वाईट नाही; तिथून संगणकाकडे येण्याचा रस्ता उघडा राहतो, उलटा रस्ता जवळपास नाही. आता बऱ्याच कॉलेजांत दुसऱ्या शाखेतला मायनर, म्हणजे जोडविषयही घेता येतो. पहिलं वर्ष संपल्यावर रिकाम्या जागांवर गुणांनुसार शाखा बदलता येते, पण हव्या त्या शाखेत त्या जागा उरतात थोड्याच, तेव्हा त्या आशेवर प्रवेश घेऊ नका.

कॉम्प्युटरच ठरलं तर नावांच्या जंगलात फसू नका. एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी: पहिल्या दोन वर्षांचे विषय बरेचसे सारखेच असतात. तेजीत घाईघाईने उघडलेल्या विभागात शिकवायला कोण आहे ते बघा. कॉलेजात जाऊन विभागात फेरी मारा, प्राध्यापक किती वर्षं तिथे आहेत ते शिपायाला विचारा. तो खरं सांगतो. प्लेसमेंटच्या फलकावरचा सर्वात मोठा पगार बघू नका. मधल्या मुलाला काय मिळालं, आणि नोंद केलेल्यांपैकी किती जणांना काहीच मिळालं नाही, हे विचारा. आणि २०२२ चे आकडे दाखवले तर मागच्या वर्षीचे मागा. फलक मीच बनवायचो, म्हणून सांगतोय.

शेवटी ऑप्शन फॉर्म. पालक पहिल्या ओळीत हौसेने सगळ्यात मोठ्या नावाचं कॉलेज टाकतात, लागणार नाहीच असं धरून. कॅपच्या पहिल्या राउंडमध्ये पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ती जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, पुढच्या राउंडला बसता येत नाही. मंदीत कटऑफ अनपेक्षित ठिकाणी घसरतात आणि न लागणारं लागून जातं. तेव्हा वरचा हप्त्याचा हिशेब प्रत्येक कॉलेजसमोर पेन्सिलने लिहा, आणि पंधरा हजारांच्या वरचा आकडा आला तर ते नाव पहिल्या ओळीत टाकू नका.